सुंठीवाचून जाणारा खोकला आणि आपला जोशांदा

मराठीत एक म्हण आहे, ‘सुंठीवाचून खोकला गेला’. काही न करता अडचण आपोआप टळली की आपण ती वापरतो. उर्दूत दुसरी आहे, ‘नीम हकीम खतरा-ए-जान’. अर्धवट हकीम म्हणजे जिवाला धोका. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे या दोन्ही म्हणी मला दरवर्षी फळ्यावर लिहाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, दिवाळीच्या सुट्टीनंतर, निम्मा वर्ग नाक ओढत बसलेला असतो. घरगुती औषधांबद्दल जे सांगण्यासारखे आहे ते या दोन म्हणींच्या मध्ये कुठेतरी बसते.

पहिली म्हण अगदी शब्दशः खरी आहे. साधे पडसे विषाणूंमुळे होते. असे विषाणू दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांत रायनोव्हायरस नावाचा गट सर्वांत मोठा. त्यांना मारणारे औषध अजून कोणत्याही पॅथीत नाही. अँटिबायोटिक गोळ्या जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. म्हणून साध्या सर्दीला त्या घेऊन काहीच हाती लागत नाही, उलट खऱ्या गरजेच्या वेळी त्या कमी पडू लागतात. सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. मुलांचा खोकला त्यानंतरही आठवडाभर रेंगाळतो. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान मुलाला सहा-आठ वेळा सर्दी होणे हे अशक्तपणाचे लक्षण नाही.

मग जोशांदा कशासाठी? तर हे सात दिवस सुसह्य व्हावेत, घसा ओला राहावा, रात्री झोप लागावी यासाठी. एवढेच त्याचे काम आहे, आणि ते काम तो चांगले करतो.

हा विषय आताच लिहावासा वाटण्याचे कारण आपल्या शेजारचे आहे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी सिरप दिलेली लहान मुले लघवी बंद होऊन दगावली. त्यांतली बरीच मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती. वीसहून अधिक घरे उजाड झाली. तपासात त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष सापडले. त्याची मर्यादा ०.१ टक्का, आणि बाटलीत ते ४८.६ टक्के होते. महाराष्ट्राने हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाहिले होते. तिथे भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत.

यात भेसळीपेक्षा मोठी एक गोष्ट दडली आहे. त्या मुलांना सिरपची गरजच नव्हती. आपल्याकडे मेडिकलच्या खिडकीशी उभे राहून ‘भाऊ, पोराच्या खोकल्याचं लाल औषध द्या’ असे म्हणण्याची सवय घरोघरी आहे. सोबत पैसे आणि चिठ्ठी देऊन मोठ्या भावाला पाठवायचे, मागच्या वेळची उरलेली बाटली धाकट्याला द्यायची, हेही चालते. छिंदवाड्याच्या बातमीनंतर काही माता एकदम दुसऱ्या टोकाला गेल्या. आता डॉक्टरचे काहीच नको, सगळे घरचेच देऊ, असे त्या म्हणू लागल्या. दुसरी म्हण त्यांच्यासाठी आहे.

आधी जोशांद्याकडे वळू. फारसीत ‘जोशीदन’ म्हणजे उकळणे. ज्याला आपण ‘जोश’ म्हणतो तोही याच उकळीतून आला. मराठीतला ‘काढा’ संस्कृत ‘क्वाथ’वरून आला, तोही उकळूनच. ‘पडसे’ हा शब्द ‘प्रतिश्याय’चा झिजून झालेला आहे, तर ‘नजला’ अरबी ‘नुजूल’मधला, म्हणजे उतरणे. युनानी हकीम नाकावाटे वाहते त्याला जुकाम म्हणतात आणि घशाकडे, छातीकडे उतरते त्याला नजला. आपल्या दादी-नानी ‘नजला गिर रहा है’ म्हणायच्या ते याच अर्थाने. भाषा वेगवेगळ्या असल्या तरी पातेले एकच आहे.

जोशांद्याचे नुस्खे अनेक आहेत, पण त्यांचा कणा तीन दाण्यांचा आहे: बेहीदाना, उन्नाब, सपिस्तान. जुन्या हकिमांचे ठरलेले प्रमाण असे की बेहीदाना ३ ग्रॅम, उन्नाब ५ दाणे आणि सपिस्तान ९ दाणे. नावे परकी वाटतात म्हणून घाबरू नये. सपिस्तान म्हणजे वाळवलेले भोकर, ज्याचे आपल्याकडे लोणचे घालतात. उन्नाब हा आपल्या बोराचा चुलतभाऊ, लाल आणि सुरकुतलेला. बेहीदाना तेवढा दूरचा. बेही नावाच्या, नासपतीच्या जातीच्या फळाच्या त्या बिया, आणि ते फळ काश्मीरकडे होते. या तिन्हींत चिकट, बुळबुळीत द्रव आहे, त्याला हकीम लुआब म्हणतात. खवखवणाऱ्या घशावर तो पातळ लेप देतो आणि कोरडी ढास थांबते. त्यात मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, घातली की गोडी येते आणि घशालाही आराम पडतो. गुल-ए-बनफ्शा, खतमी, गावजबान हे त्यात आणखी पडणारे घटक. बनफ्शा हिमालयातून येतो, त्यामुळे महाग असतो आणि त्यात भेसळही फार होते. तो मिळाला नाही तर जोशांदा अडत नाही.

करण्याची रीत सोपी आहे. उन्नाब आणि सपिस्तान धुऊन, बोटाच्या पेराएवढा मुलेठीचा तुकडा ठेचून, दीड कप पाण्यात रात्री भिजत घालावे. बेहीदाना वेगळ्या वाटीत, पातळ कापडाच्या पुरचुंडीत भिजवावा. बेहीदाना कधीही कुटू किंवा चावू नये, कारण या बिया फोडल्या की त्यांतले अपायकारक द्रव्य बाहेर येते. अख्ख्या भिजवल्या की नुसता लुआब मिळतो. सकाळी पहिले पाणी मंद आचेवर एक कप होईपर्यंत उकळावे, गाळावे, त्यात पुरचुंडी हलकेच पिळावी आणि खडीसाखर घालून कोमट प्यावे. मोठ्या माणसाला सकाळी आणि रात्री, तीन-चार दिवस पुरे. दादीच्या वेळेला हे सारे अत्ताराच्या दुकानात कागदाच्या पुड्यांत मिळायचे. आजही मोठ्या गावांत जडीबुटीच्या दुकानात ‘जोशांदा’ म्हणून तयार पुडी मिळते. मोकळे सामान घेतले तर ओळखून घेता येते, बुरशी दिसते, वास कळतो. पुडीत भुगा असेल तर काय आले ते देणारा जाणे.

गरम पेयाने बरे वाटते हा नुसता मनाचा समज नव्हे. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांवर साधा प्रयोग झाला. तेच फळांचे सरबत एकदा गरम आणि एकदा खोलीच्या तापमानाचे. गरम पिणाऱ्यांना घसा, खोकला, शिंका, थंडी वाजणे, थकवा या सगळ्यांत लगेच आराम वाटला. म्हणजे ज्या घरी उन्नाब-सपिस्तान नाही तिथे अद्रक, गूळ आणि दोन मिरे घालून उकळलेले पाणीही पुष्कळ काम करते. चिकन किंवा पायाचा पातळ सूपही त्याच घरचा.

एक सावधगिरी मात्र मुलेठीची. ती रोज आणि जास्त घेतली तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. ज्या अब्बांची बीपीची गोळी सुरू आहे, ज्या दुलहन बेगमला दिवस गेले आहेत, त्यांच्या जोशांद्यात मुलेठी नको. कोरोनाच्या काळात २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिऱ्याचा काढा सांगितला होता. तो लोक दिवसातून चार-चार वेळा प्यायले आणि पोटात आग पडल्याच्या तक्रारी घेऊन बसले. प्रमाण सुटले की घरचे औषधही त्रास देते.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी हाताशी आहेत. अडुळसा बांधावर, घराच्या कुंपणाला सहज उगवतो. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केले आणि पुढे अँब्रोक्सॉल आले. आज मेडिकलमध्ये कफ पातळ करण्यासाठी मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांत हीच नावे दिसतात. घट्ट कफ असेल तर मोठ्या माणसाने दोन-तीन पानांचा काढा मधातून घ्यायला हरकत नाही. गर्भवतीने घेऊ नये. दुसरी हळद. उमरखेड, महागावकडे हळदीचे पीक आहे. हळदीच्या दुधाने सर्दी पळते असे सिद्ध झालेले नाही, पण रात्री ते घेऊन झोपलेल्याला बरे वाटते हे कोणीही सांगेल. फक्त सुट्या पावडरऐवजी हळकुंडे आणून दळावी, कारण पिवळेपणासाठी शिशाचा रंग मिसळण्याचा धंदा आपल्या उपखंडात जुना आहे.

आता कलौंजी आणि मध. या दोन्हींशी आपली श्रद्धा जोडलेली आहे. कलौंजीच्या शिफाबद्दलची हदीस सहीह बुखारीत आहे, आणि मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या पेयातल्या शिफाचा उल्लेख कुरआनच्या सूरह नहलमध्ये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारावर इलाज करून घेण्याचीही ताकीद दिली आहे हे आपण कधी कधी विसरतो. कलौंजी मंद भाजून, मलमलच्या कापडात पुरचुंडी बांधून हुंगली की चोंदलेले नाक मोकळे वाटते. ही हकिमांची फार जुनी रीत आहे आणि मोठ्यांना तिचा अपाय नाही. पण बाजारात कलौंजी म्हणून कांद्याचे बी खपते. दिसायला दोन्ही काळी आणि टोकदार. कलौंजी चुरली की तिला ओव्यासारखा, मिरीसारखा वास येतो. कांद्याच्या बियाला तो नाही. कृषी केंद्रातून पेरणीसाठी आणलेल्या बियाला तर औषध चोळलेले असते. शेतकऱ्याच्या घरात ते स्वयंपाकघरापासून दूर ठेवलेले बरे. कलौंजीचे तेल नाकात टाकायचा प्रयोग कोणी करू नये. कोणतेच तेल नाकात टाकू नये, कारण श्वासाबरोबर ते फुप्फुसात उतरले की न्यूमोनियासारखा आजार होतो.

मधाबद्दल चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २००७ मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या १०५ मुलांवर अभ्यास झाला. झोपण्याच्या अर्धा तास आधी मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला, काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा कमी झाला, आणि बाजारातले खोकल्याचे औषध मात्र काहीच न देण्यापेक्षा फारसे बरे ठरले नाही. एक चमचा मध, तेवढेच.

पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. एक थेंबही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढतात, विष तयार करतात आणि बाळ लुळे पडते, त्याचा श्वास अडकतो. हे मी ठासून लिहिते, कारण आपल्याकडे जन्मल्याबरोबर तहनीक होते आणि खजूर हाताशी नसेल तर मध चाटवला जातो. प्रेषितांनी (स.) तहनीक खजुराने केल्याचे हदीसमध्ये आहे. मऊ खजुराचा अंश स्वच्छ हाताने टाळूला लावला की सुन्नत पाळली गेली, आणि बाळही सुरक्षित राहिले. तहनीक करणाऱ्या बुजुर्गांना स्वतःलाच सर्दी-खोकला असेल तर दुसऱ्या कोणाला सांगावे. यात बेअदबी नाही.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आपल्या घरांत आणखी बरेच चालते. आंघोळीनंतर लोबान, ओवा, लसणाच्या सालांची धुरी देतात. त्या धुराने खोली सुवासिक होते, पण बाळाच्या इवल्या श्वासनलिकेला धूर म्हणजे धूरच, मग तो चुलीचा असो की लोबानचा. दादींना वाईट वाटू न देता लोबान दिवाणखान्यात जाळावा आणि बाळ आतल्या खोलीत ठेवावे. जायफळ उगाळून चाटवल्याने बाळ झोपते हे खरे, पण जास्त झाले तर ते गुंगीच आहे. कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, हे डबीवरच लिहिलेले असते. वाफेचे पातेले मुलाजवळ आणूच नये. वाफेने सर्दीचे दिवस कमी होत नाहीत, आणि उकळते पाणी मांडीवर सांडून भाजणे हा घरातला नेहमीचा अपघात आहे. बाळाचे नाक चोंदले तर मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, नाकात टाकायचे थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब टाकावेत. अंगावरचे दूध वारंवार द्यावे. बाळाला याहून मोठा काढा नाही.

जरा मोठ्या, सहा-सात वर्षांच्या मुलांना गुळण्या शिकवता येतात. पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. जोशांदा द्यायचा तर युनानी डॉक्टरांना विचारून, कमी मुलेठीचा, पाव कप.

सर्दी नसलेल्या गोष्टीला सर्दी समजणे हा यातला खरा धोका आहे. आपल्या जिल्ह्याला त्याची मोठी किंमत मोजावी लागली आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कीटकनाशकाच्या विषबाधेची सुरुवातीची लक्षणे अशी असतात: नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, छाती आवळणे, खोकला, घाम, मळमळ, अंधूक दिसणे. संध्याकाळी फवारून आलेल्या माणसाचे नाक वाहत असेल आणि छाती भरल्यासारखी वाटत असेल तर त्याला काढा देत बसू नये. कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे, औषधाचा डबा सोबत घ्यावा आणि १०८ ला फोन करावा. त्या वर्षी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डांत असेच रुग्ण भरले होते.

मुलांमध्ये ही गल्लत न्यूमोनियाची होते. त्याची खूण कोणत्याही आईला घड्याळावर पाहता येते. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरले तर डॉक्टरकडे न्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले हे आकडे आशाताईंनाही शिकवलेले असतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी नेऊन दाखवावे. मोठ्यांचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि क्षयरोगाचे निदान वेळेवर झाले तर तो बरा होतो. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांचा, आठवड्याची सुट्टी संपवून कामावर गेले की वाढणारा खोकला रुईच्या धुळीचा असू शकतो. डॉक्टरांना आपले काम काय ते आधी सांगावे.

२०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे सकाळची थंडी अजून रेंगाळत असतानाच येतो. रोजात मुद्दाम वाफ ओढल्याने रोजा तुटतो असे हनफी उलमा सांगतात, तेव्हा ती इफ्तारनंतरच घ्यावी. ज्याला ताप भरला आहे त्याला शरीयतने रोजा पुढे कजा करण्याची सवलत दिलेली आहे. इफ्तारला बर्फाचे सरबत टाळून कोमट पाणी आणि खजूर घ्यावा. उन्नाब आणि सपिस्तान तरावीहला जाण्याआधी भिजत घातले की सहरीच्या वेळी पाच-सात मिनिटांत जोशांदा होतो, आणि अजानच्या दहा मिनिटे आधी तो पिण्याइतका कोमट झालेला असतो.